दार एकच, उजवीकडे

"एवढ्यात परीक्षेला बसवू नका याला. जमिनीवरच घाबरतो," सर फोनवर सांगत होते. पलीकडे घाटावरच्या फ्लाइंग स्कूलचे इन्स्ट्रक्टर होते आणि अलीकडे, हातभर अंतरावर, मी. सरांनी आवाजसुद्धा खाली केला नाही.

माझी कानशिलं तापली. घाबरतो, हे खोटं नव्हतं. परभणीकडून नववीत शाळा सोडून इथे रेवसला ट्रकवर क्लीनर म्हणून आलो तेव्हापासून मी घाबरतच आलोय. पुढे ड्रायव्हर झालो, दहावी बाहेरून दिली. ज्या आगरी घरच्या गाड्या चालवतो त्यांनीच फी भरून माझं विमानाचं वेड पुरवलं. पण विमानात चुकलो ते भीतीने नाही. चुकलो शिकवल्यामुळे, आणि शिकवलं सरांनी.

झालं असं. आदल्या रविवारी घाटावर विमानात बसलो होतो. इंजिन बंद होतं. इन्स्ट्रक्टर म्हणाले, "समज, स्टार्ट करताना इंजिनात आग लागली." मी एकेका कळीला हात लावत गेलो. स्टार्टर सोडायचा नाही, इंजिन फिरत राहिलं की आग आत ओढली जाते. मग इंधन तोडायचं, थ्रॉटल पूर्ण उघडायचा. सगळं बरोबर. "विझत नाही. बाहेर पड." मी डावीकडे उसळलो आणि खांदा धाडकन पत्र्यावर आपटला. आमच्या विमानाला दार एकच, उजवीकडे, पंखावर उघडणारं. इन्स्ट्रक्टर हसले. मला हसू आलं नाही. खरी आग असती तर मी पत्र्याला धडका देत बसलो असतो.

डावीकडे का वळलो? कारण रेवसला, सरांच्या अंगणात, आमचं विमान म्हणजे प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. डावी माझी, उजवी सरांची. "बाहेर पड" म्हटलं की सर जागचे हलत नसत, त्यांचा गुडघा दुखतो. मग मी माझ्या बाजूने उठायचो, डावीकडून. "समज मी पण उतरलो," असं म्हणून सर पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. सगळा पावसाळा अंग हेच शिकलं.

सरांचे उपकार मोठे आहेत. माझी मार्कशीट बघून पायलटच्या क्लासवाल्यांनी दारातून परत पाठवलं होतं. हवाई दलातून निवृत्त होऊन गावी राहायला आलेल्या या माणसाने मला अंगणात बसवून, मराठीत, कार्बोरेटर समजावला. म्हणून आजवर उलट बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो.

"सर, घाबरतो म्हणू नका. तुम्ही मला डावीकडून उतरवलंत."

"म्हणजे चूक माझी?"

"अर्धी. विमानात तुम्ही उतरल्याशिवाय मला वाटच नाही. आणि तुम्ही एकदाही उतरला नाहीत."

सरांनी फोन खिशात ठेवला. "नववीत शाळा सोडली ती मास्तरांशी असाच भांडून का रे?"

ते झोंबलं. मी माझी खुर्ची उचलली आणि डावा हात भिंतीला घासेल अशी ठेवली. सरांची तिच्या उजवीला लावली. "बसा. आग लागली म्हणा."

"समज, आग..."

"समजणार नाही. लागली म्हणा."

शेजारची काकी कुंपणापाशी जवळा, ती बारीक कोळंबी, वाळत घालत होती. "मास्तर, आग कंची? मना तं धूर पन दिसत न्हाय."

"याच्या डोक्यात लागलीय," सर म्हणाले आणि बसले.

मी हात फिरवत गेलो. स्टार्टर, इंधन, थ्रॉटल. "विझत नाही सर. दाराची कडी उघडा. वरची पण. उतरा, मागच्या बाजूने लांब जा."

"गुडघा..."

"सर, उतरा." माझा आवाज एवढा चढला की काकी हातातला जवळा तसाच धरून बघायला लागली.

सर उठले. लंगडत माडापर्यंत गेले. मी त्यांच्या रिकाम्या खुर्चीवरून घसरत उजवीकडून बाहेर पडलो आणि मागोमाग पोचलो. सर माडाला टेकून धापा टाकत होते.

"आता खुर्ची इकडे आण. मला परत चालवू नकोस."

मी खुर्ची आणली. बसल्यावर त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्याकडे न बघता घाटावरचा नंबर लावला. "मघाशी बोललो ते मागे घेतो. याचं नाव घाला परीक्षेला. आणि सोबत जे बसतील त्यांना सांगून ठेवा, आग म्हटलं की हा आधी त्यांना उतरवतो."