उघड्या डोळ्यांची प्रार्थना

आमचे पाळकसाहेब डोळे उघडे ठेवून प्रार्थना करीत. सगळी मंडळी माना खाली घालून, डोळे मिटून उभी असे आणि हे मात्र एकेका बाकाकडे टक लावून पाहत असत. आम्हा मुलांना हे ठाऊक होते, कारण आमचेही डोळे उघडेच असत. चर्चचा कारभार पाहणाऱ्या एका पंचांनी हरकत घेतली, तेव्हा साहेब म्हणाले, "कुणासाठी मागतोय, त्येचं तोंड नको दिसाय?"

'सर्व आजाऱ्यांसाठी' अशी घाऊक प्रार्थना त्यांना चालत नसे. "नाव सांगा," हे त्यांचे पालुपद. कोल्हापुरात आमच्या घराशेजारी दूध घालणाऱ्या काकू राहत. त्या काही ख्रिस्ती नव्हत्या, पण त्यांची म्हैस वैरणीला तोंड लावीना, तेव्हा आमच्याकडे आलेल्या साहेबांना त्यांनी कुंपणापलीकडून हाक मारली, "ओ पाळकसाहेब, म्हशीसाठी चालतंय काय तुमच्यात?"

"चालतंय की. नाव काय तिचं?"

"गंगी."

साहेब गोठ्यात शिरले, गंगीच्या कपाळावर हात ठेवला आणि तिच्या डोळ्यांत पाहत मागणे मागितले. बाहेर येताना म्हणाले, "आता डॉक्टरला बी बोलवा काकू. देव त्येच्याकडनं बी काम करून घेतोय."

उपदेशात मात्र त्यांची गाडी बऱ्याचदा भलत्याच वाटेला लागे. मध्येच थांबून ते म्हणत, "असू दे. कळलं नसंल तर पुढच्या रविवारी परत सांगतो." आणि खरोखरच सांगत, पुन्हा तितकेच न कळण्यासारखे. अशी माणसे तुमच्याही पाहण्यात आली असतील. त्यांचे बोलणे आपण विसरून जातो आणि ती स्वतः मात्र आपल्यात मुक्कामाला राहतात.

दर गुरुवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी साखळी प्रार्थना असे. गोल बसायचे, हात धरायचे आणि एकापाठोपाठ एकाने आपापल्या शब्दांत प्रार्थना करायची. ज्याला बोलायचे नसेल त्याने शेजाऱ्याचा हात हळूच दाबायचा; पाळी पुढे सरकते. मी कमालीची बुजरी. माझी पाळी नेहमी हात दाबूनच सरकत असे. त्यासाठी मी पाळकसाहेबांच्या शेजारची जागा धरीत असे, कारण हात दाबला तरी ते भुवई उंचावत नसत.

मी नववीत असताना माझे बाबा आजारी पडले. साहेब रोज संध्याकाळी दवाखान्यात येत, बाबांच्या तोंडाकडे पाहत त्यांचे नाव घेऊन प्रार्थना करीत. मीही मनातल्या मनात, शब्द जुळवून जुळवून, देवाकडे बाबांना मागितले. बाबा गेले.

दफनविधीनंतर आमच्या घरी लोक येत आणि देवाच्या योजनेविषयी बोलत. साहेब आले आणि भिंतीला टेकून बसले. शेवटी मीच म्हणाले, "मी आता प्रार्थना करणार नाही. मनातसुद्धा नाही."

"बरं," ते म्हणाले. "पर गुरुवारी येऊन बस. बसायला काय लागतंय?"

गुरुवारी मी गेले. पाळी आली. मी त्यांचा हात दाबला. नेहमीप्रमाणे ते स्वतःची प्रार्थना सुरू करतील, असे मला वाटले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मोठ्याने म्हणाले, "प्रभू, ही पोरगी आज तुझ्याशी बोलत न्हाय. का बोलत न्हाय, ते तुला म्हाईत हाय. तिच्यावर रागावू नगंस. तिला उत्तर दे. मला तर येत न्हाय."

साखळी तुटल्यासारखी झाली. एक मावशी उसळून म्हणाल्या, "पाळकसाहेब! पोरीचं असं चारचौघांत काढायचं व्हय?"

"चारचौघं कुठली मावशी? घरातलीच हायत की."

मला लाजेने मान वर करवेना. पण साहेब तेवढे माझ्या बाजूने देवाशी भांडत आहेत, हेही मला कळले होते. पुढे दर गुरुवारी ते आपल्या प्रार्थनेआधी माझ्यासाठी हेच मागत राहिले. कधी विनवणीने, कधी चक्क तक्रारीच्या सुरात. मावशींनीही पुढे हरकत घेतली नाही. मग एका गुरुवारी मी हात दाबला नाही. माझ्या तोंडून एकच वाक्य निघाले, "मला अजून राग आहे."

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले. तेवढ्यावर माझी प्रार्थना पूर्ण झाली.

माझी श्रद्धा ही अशी तक्रारीपासून सुरू झालेली आहे. ती फारशी गोड नाही. पण टिकाऊ निघाली. निवृत्तीनंतर साहेब चंदगडकडे आपल्या गावी गेले. मी एसटीने त्यांना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हेच विचारले, "राग गेला काय?"

"थोडा आहे."

"ऱ्हाऊ दे. बोलणं तर चालू हाय न्हवं?"

ती शेवटची भेट. आता ते नाहीत.

आज आमच्या चर्चला स्वतःचा पाळक नाही. मलकापूरकडचे एक तरुण पाळक महिन्यातून एकदा येतात. यंदाच्या बैठकीत सूचना आली की उरलेल्या रविवारी चर्चला कुलूप लावावे आणि ज्याला जायचे त्याने दुसरीकडे जावे. मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवले, तेही बव्हंशी फळ्याकडे तोंड करून. अशा बैठकांत मी कधी बोलत नाही. त्या दिवशी उभी राहिले.

"कुलूप लावायचे नाही. उरलेल्या रविवारी उपासना मी घेईन."

मग सर्वांत वृद्ध पंच म्हणाले, "बाई, तुमचा आवाज तिसऱ्या बाकापतूर तरी येतोय काय?"

"मग पहिल्या दोन बाकांवर बसा," मी म्हणाले.

हसू फुटले, पण रविवारी खरोखरच सगळे पुढच्या बाकांवर येऊन बसले. पंचही. व्यासपीठावरचे उपदेशाचे मेज उंचपुऱ्या पाळकसाहेबांनी सुताराकडून आपल्या उंचीला साजेसे करून घेतलेले आहे. त्याच्यामागे उभी राहिले तर मी कुणाला दिसत नाही. म्हणून मी बाजूला उभी राहिले. मेजामागे कुणी नव्हते. मी घसा साफ केला आणि गीताला सुरुवात केली. सूर जरा खालीच लागला. मंडळीने तो उचलून घेतला.