विद्याताईंच्या तेलविहिरी

विद्याताई गेल्याचं मला टोकियोतल्या तोयोसु स्टेशनवर कळलं. त्यांचे यजमान श्रीकांतराव फोनवर एवढंच म्हणाले, "गेली. सकाळीच." समोर आलेली गाडी मी सोडून दिली आणि बाकावर बसून राहिले…

टोकियोला लागून असलेल्या उरायासुत आम्ही शेजारी. मुंबईत त्या तेलक्षेत्रांचा अभ्यास करणाऱ्या भूगर्भशास्त्रज्ञ होत्या. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आल्या आणि कितीतरी वर्षं बेंतोच्या दुकानात जेवणाचे डबे भरत राहिल्या. मग तोयोसुतल्या एका कंपनीने व्हेनेझुएलातल्या जुन्या, खंगलेल्या तेलविहिरी पुन्हा चालू करायचं काम घेतलं. त्या देशावर अमेरिकेचे निर्बंध, त्यामुळे सगळं अमेरिकी सरकारच्या परवान्यावर. कंपनीला जुन्या विहिरी कळणारं माणूस हवं होतं. पन्नाशीत विद्याताईंनी पुन्हा ऑफिसचं कार्ड गळ्यात घातलं.

त्या विहिरी त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिल्या नाहीत. स्क्रीनवरचे नकाशे आणि तिथला इंजिनिअर राफाएल, ज्याच्याशी त्या रोज सकाळी बोलायच्या. चहाला आल्या तरी विषय तोच. "अगं, खाली अजून पुष्कळ तेल आहे. पाणी चढायच्या आत गाठायला हवं." पहिली विहीर चालू झाली तेव्हा त्यांनी आमच्या अख्ख्या मजल्यावर शिरा वाटला.

आणि परवाना रद्द झाला. विहिरी बंद करायचा निरोप राफाएलला त्यांनाच द्यावा लागला. "बंद ठेवल्या तर यातल्या कितीतरी परत येणार नाहीत, हे मी साहेबांना सांगितलं," त्या म्हणाल्या. "ते म्हणाले, इलाज नाही. खरंच नव्हता गं…" पुढे राफाएल देश सोडून गेला, आणि त्यानंतर विद्याताईंचं दुखणं निघालं. हॉस्पिटलमध्ये गेले की त्या विचारायच्या, "परवान्याचं काही कळलं?" मी फोनवर बातम्या बघायचे आणि नकारार्थी मान हलवायचे.

विद्याताई गेल्यानंतर, मागच्या आठवड्यात परवाना पुन्हा मिळाला. ऑफिसातून श्रीकांतरावांना फोन आला. विद्या-सानचं काम पुढे नेऊ म्हणाले. पण बऱ्याच विहिरींत पाणी भरलंय, त्या सोडून द्याव्या लागतील.

परवा विद्याताईंची खोली आवरायला मी गेले होते. खिडकीत मुठीएवढा वालुकाश्म होता, त्या विहिरींवर जाऊन आलेल्या एका सहकाऱ्याने आणलेला. मी तो कचऱ्याच्या पिशवीजवळ ठेवला. श्रीकांतराव म्हणाले, "दगड इथे कुठल्याच कचऱ्यात घेत नाहीत." त्यांनी तो उचलून नाकाशी धरला. "अजून तेलाचा वास येतोय," म्हणाले, आणि तो पुन्हा खिडकीत, उन्हात ठेवला.