गंगम्माचं नवं नाव

आंध्रात, कृष्णेच्या मुखाकडच्या चिंतपालेम गावात गंगम्माला भांडायला बोलावत. स्वतःचं भांडण स्वतःला झेपत नसलं, की माणसं तिच्या दारात यायची. बांध कोरला, कोंबडी पळवली, सुनेला माहेरी धाडलं, काहीही असो. शेरभर तांदूळ आणि संध्याकाळची ताडी एवढ्यावर गंगम्मा पदर खोचून निघायची, समोरच्याच्या दारात उभी राहायची आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. तिचा आवाज कालव्यापलीकडे ऐकू जायचा. नवरा कोटय्या लवकर वारला होता, मूलबाळ नव्हतं. गावाला ती हवी होती ती एवढ्यापुरतीच, आणि तिलाही आपली ओळख तेवढीच वाटायची.

असंच एकदा सुब्बारायुडूनं तिला प्रार्थनाघरावर धाडलं. त्याच्या कुंपणाला लागून ख्रिस्ती पाळक देवदानम यांनी ताडपत्र्यांचं छप्पर घातलं होतं आणि जागेवरून कुरबूर चालू होती. गंगम्मा दुपारी गेली, ऊन कलेपर्यंत बोलली. पाळकांना बोलली, त्यांच्या देवाला बोलली, आत बसलेल्या म्हाताऱ्यांनाही तिनं सोडलं नाही. कुणी उलटून बोललं नाही. आतलं गाणं तेवढं चालू राहिलं. शेवटी तिचाच घसा बसला आणि ती घोगऱ्या आवाजात एक शेवटची शिवी हासडून घरी आली.

दुसऱ्या दिवशी पाळकांची बायको सुगुणम्मा तिच्या दारात आली. हातात झाकलेला तांब्या.

“काय आहे?” गंगम्मानं विचारलं. आवाज कसला, नुसती हवा.

“मिरी घालून दूध उकळलंय. घसा बसला असेल म्हणून आणलं.”

“तुमच्याच नावानं ओरडून बसलाय तो.”

“ऐकलं की सगळं. म्हणून तर ठाऊक, किती बसला असेल ते. गरम आहे तोवर घ्या.”

गंगम्मानं तांब्या घेतला आणि दार लावून घेतलं. पण दूध प्यायली. आयुष्यात तिच्या घशाची काळजी करत कुणी आलं नव्हतं. त्या आठवड्यात सुब्बारायुडू पुन्हा बोलवायला आला, तेव्हा तिनं घशाचं निमित्त सांगितलं. घसा तर केव्हाच बरा झाला होता.

मग ती प्रार्थनाघराच्या बाहेर, चिंचेखाली बसू लागली. पुढे दारात. पुढे आत, बायकांच्या चटईवर अगदी मागे. ओझं वाहून थकलेल्यांनी माझ्याकडे या, असं येशू म्हणाला, हे पाळकांनी वाचलं त्या दिवशी ती खाली मान घालून रडली. का रडली ते कुणाला सांगितलं नाही. ताडी सुटली. जीभ तिनं दातांखाली धरून ठेवली. वर्षभरानं, कालव्याला पाणी सोडल्यावर, तिचा बाप्तिस्मा झाला. पाळकांनी तिला पाण्यात बुडवून वर काढलं आणि म्हणाले, “आजपासून तू कृपम्मा.” पांढऱ्या लुगड्यातून पाणी निथळत होतं, काठावर बायका गात होत्या, आणि तिला वाटलं, गंगम्मा खरंच त्या पाण्याबरोबर समुद्राकडे गेली.

गावाला मात्र तसं वाटलं नाही. नळावर रोज नवा खेळ सुरू झाला.

“कृपम्मा अक्का, तुमची घागर मी मागे सारली बघा. चालेल ना?” वेंकायम्मा म्हणायची.

“चालेल गं.”

“बघा, बघा. मांजर उपासाला बसलंय.”

बायका हसायच्या. कृपम्मा घागर भरून निघून जायची. असे चार महिने गेले. मग एका सकाळी वेंकायम्मा सहज म्हणाली, “कोटय्या जिवंत असताना एवढी गोड झाली असतीस, तर बिचारा पिऊन पिऊन मेला नसता.”

घागर दगडावर आदळली आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. जुनं सगळं होतं तसं होतं, काही विसरलं नव्हतं. वेंकायम्माची आई, आजी, पोटची पोरं, कुणी उरलं नाही. वेंकायम्मा पांढरी पडली. आणि बाकीच्या बायकांनी टाळ्या पिटल्या.

“आली गं आली, आपली गंगम्मा परत आली!”

ती टाळी तिच्या कानात जाऊन बसली. फुटकी घागर तिथेच टाकून ती घरी आली. दोन रविवार ती प्रार्थनेला गेली नाही. तिसऱ्या आठवड्यात सुगुणम्मा आली आणि न विचारता उंबऱ्यावर बसली.

“अम्मगारू,” पाळकांच्या बायकोला सगळे याच मानानं हाक मारत, “ते नाव परत घ्या,” कृपम्मा म्हणाली. “माझ्या अंगाला बसत नाही ते. मी आहे तीच आहे.”

“परत घेऊन मी काय करू? मी दिलं होतं का ते?”

“पाळकांनी दिलं.”

“त्यांनी नुसतं उच्चारलं.” सुगुणम्मानं पदरानं मान पुसली. “हे बघ, तुझं नाव गुणवंती ठेवलं असतं, शांतम्मा ठेवलं असतं, तर मीच आज म्हणाले असते, बाई, काढ ते. पण नाव कृपा आहे. जिच्या हातून काही चुकतच नाही, तिला कृपा कशाला लागेल? नळावर शिव्या दिल्यास तेव्हाही तू कृपम्माच होतीस. त्या दिवशी तर तुला ते नाव जास्तच लागत होतं.”

कृपम्मा म्हणाली, “शिव्यांचं नाही हो. माझे शाप खरे होतात, त्याची भीती आहे.”

आणि मग तिनं ते सांगितलं. पलीकडच्या पेद्दपालेमच्या रामुलम्माशी भांडायला तिला कुणीतरी धाडलं होतं. रामुलम्माला तेव्हा सातवा महिना होता. शेरभर तांदळापायी गंगम्मा बोलून गेली होती, तुझी कूस उजवली तरी मांडी रिकामी राहील. पोर झालं, आणि वर्षाच्या आत गेलं.

“मी मारलं त्याला,” ती म्हणाली. “पाण्यात बुडवलंत, सगळं गेलं म्हणालात. हे गेलं नाही.”

सुगुणम्मानं घाईनं काही समजूत घातली नाही. “देवाला सांगितलंस?”

“रोज सांगते.”

“आणि रामुलम्माला?”

कृपम्मानं नाही म्हणून मान हलवली.

“मी येते बरोबर.”

“नको. बोलायला एकटीच गेले होते. आताही एकटीच जाते.”

दुसऱ्याच सकाळी ती तराफ्यावरून कालवा ओलांडून गेली. रामुलम्मा अंगणात बसून अंबाडीची पानं खुडत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

“आज कुणी धाडलं?” ती म्हणाली. “कुणाचे तांदूळ खाल्लेस?”

“कुणाचे नाही. माझी मी आलेय.” कृपम्मा अंगणाच्या कडेलाच थांबली. “मी तुला जे बोलले होते, पोटातल्या पोराला, ते लागलं. मला माफ कर म्हणण्याचंही तोंड नाही मला. पण म्हणायला आलेय.”

रामुलम्मा पानं खुडत राहिली. मग एकदम म्हणाली, “जिभेत एवढी ताकद असती ना, तर माझी सासू केव्हाच गेली असती. तिला तर मी रोज शाप देते.”

आतून सासूचा खोकला ऐकू आला. कृपम्माला हसावं की रडावं ते कळेना.

“पोर जन्मलं तेच निळं,” रामुलम्मा पुढे म्हणाली. आवाज उतरला होता. “गुंटूरच्या डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं, काळजाला भोक आहे. माझ्या नणंदेचंही असंच गेलं होतं. तुझं त्यात काही नाही.”

कृपम्मा मटकन खाली बसली. इतकी वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलला, आणि उचलल्यावरच कळलं, आपण नीट श्वासही घेत नव्हतो.

“मग माझा राग नाही तुला?”

“आहे की. का नसेल?” रामुलम्मानं सूप बाजूला सारलं. “पोटुशी बाईला तसं बोलतात का? आणि त्याच्यापेक्षा जास्त राग दुसऱ्याचा आहे. पोर गेलं तेव्हा दोन्ही गावं आली. तू आली नाहीस. एका शेतात लावणी केलेल्या बायका आपण.”

“मला वाटलं मीच मारलं. कोणत्या तोंडानं येणार होते?”

“आहे त्याच तोंडानं यायचं.”

कोंबड्या पानांच्या देठांत टोचत होत्या. मग कृपम्मानं विचारलं, “नाव काय ठेवलं होतंस?”

रामुलम्मानं डोळे पुसले. “सोमेशू. कुणी विचारतच नाही गं. सगळ्यांना वाटतं, मी विसरावं.” आणि मग ती सांगत सुटली. तो कुठल्या कुशीवर झोपायचा, बैलाच्या घुंगरांना कसा दचकायचा, दुधाची चव आवडली नाही तर कसा ओठ बाहेर काढायचा. कृपम्मा ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिनं पुढ्यात एक जुडी ओढली आणि पानं खुडायला लागली. मध्येच तिनं विचारलं, त्याच्यासाठी नि तुझ्यासाठी प्रार्थना करू का? रामुलम्मा म्हणाली, “कर. पण मनात कर. सासूनं ऐकलं तर मला देवीसमोर उभी करेल.” कृपम्मानं मनातच केली. तिच्या त्या देवाला मनातलं ऐकू जातं, यावर आता तिचा पुरता भरवसा बसला होता.

दुपारी रामुलम्मानं भात वाढला, वर अंबाडीची चटणी आणि कच्चा कांदा. चटणी जहाल होती. कृपम्मा दुसऱ्यांदा भात मागून जेवली. निघताना रामुलम्मा म्हणाली, “उडीद काढायला आलेत. परवा माणसं कमी आहेत.”

“येते,” कृपम्मा म्हणाली.

ठरल्या दिवशी ती पहाटेच निघाली. वाटेत वेंकायम्माचं घर लागलं. तिथे थांबून तिनं हाक मारली, आणि दार उघडायला घाबरणाऱ्या वेंकायम्माला बाहेरूनच सांगितलं, “चुकलं गं माझं त्या दिवशी. तुझंही चुकलं, पण ते तू बघ.” मग कडी निघाली. वेंकायम्मानं फटीतून बघितलं आणि म्हणाली, “कुठं निघालीस एवढ्या लवकर, अक्का?”

“उडीद काढायला. येतेस?”

वेंकायम्मानं विळा घेतला, डोक्याला फडकं गुंडाळलं, आणि दोघी तराफ्याकडे चालू लागल्या.