बाबांची वीत

मंडळी, आज आईसोबत रोह्याहून पेणला न्हाणीघरासाठी एक्झॉस्ट फॅन आणायला गेलो होतो. वाफेने आईला धाप लागते, म्हणून बाबांनी गेल्या महिन्यात भिंतीला भोक पाडलं. फॅन आणण्याआधीच ते गेले.

दुकानदाराने विचारलं, "भोक केवढं हाय?"

"एक वीत." बाबांनी सांगितलेलं माप मी सांगितलं.

"कोणाची वीत?"

"बाबांची."

तो हसला. "मग बाबांनाच आणायचं ना, भाऊ!"

आईने काउंटरवर आपली वीत टेकवली आणि तिच्यापुढे दुसऱ्या हाताची दोन बोटं ठेवली.

"एवढी हाय त्यांची."

त्याने टेप लावला. "सहा इंची पात्याचा फ्रेमसकट बसेल, काकू."

परतताना एसटीत आईचा हात मांडीवर तसाच ताणलेला होता. तुमच्या माणसाचा हात केवढा, तुम्हाला दाखवता येईल?