तेरा नंबरचा पाना

"थांबा, नाक बसवू द्या!"

दर वीस मिनिटांनी पडद्यामागून ही आरोळी यायची आणि बाहेर रांगेत ताटकळलेली माणसं हसायची. तुमच्यापैकी जे शाळेच्या सहलीतून किंवा शिर्डी-त्र्यंबकच्या बसमधून नाशिकला आले असतील, त्यांनी औरंगाबाद नाक्याच्या पुढचा आमचा रामायणाचा हलता देखावा पाहिला असेल. शूर्पणखा मान वेळावत यायची, लक्ष्मणाचा हात खाली यायचा आणि तिचं नाक टपकन पत्र्याच्या ताटात पडायचं. पडदा पडला की मिस्तरी आत शिरून ते परत चिकटवायचे. सायकलच्या ट्यूबचं रबर होतं ते. मिस्तरींच्या खिशात अशी चार-पाच नाकं कायम असायची, आणि कधी रुमाल काढताना एखादं चहावाल्याच्या पुढ्यात पडायचं.

मी तिथे तिकीटखिडकीत बसायचे. बारा वर्षं बसले. आज त्या जागेवर सात मजली इमारत आहे, खाली दुकानं आहेत, आणि त्या रस्त्यानं जायची वेळ आली की माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, एवढं काय, जुना देखावा होता, गेला. गेला नाही, घालवला. आणि घालवण्यात माझ्याही हाताचा वाटा आहे, म्हणून तर राग जास्त येतो.

मिस्तरी मूळचे सायखेड्याचे. नाशिकच्याच अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते. प्रेसखाली उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि पाठोपाठ नोकरी गेली. आमचे शेठ कापडाचे व्यापारी, भाविक माणूस. त्यांनी हौसेनं रामायणाचे पुतळे करून घेतले होते, पण ते नुसतेच उभे. त्यांना हलवलं मिस्तरींनी. रावणाच्या दहा डोक्यांना ट्रकच्या वायपरची मोटर, सोन्याच्या हरणाला सायकलची चेन, हनुमानाला विहिरीवरची कप्पी. रामाचा आशीर्वादाचा हात वर जायचा तो शिलाई मशीनच्या पट्ट्यावर. प्रत्येक पुतळ्याच्या पाठीत एक झाकण होतं आणि झाकणाआड मिस्तरींचा संसार. खरा संसारही तिथेच होता. पर्णकुटीच्या मागे एका पत्र्याच्या खोलीत ते आणि त्यांची बायको राहायचे.

तीन बोटांच्या त्या हातात सतत एक पाना असायचा, तेरा नंबरचा. देखाव्यातला एकूण एक बोल्ट त्यांनी तेराच्या पान्यानंच उघडेल असा बसवला होता. मी कारण विचारलं तर म्हणाले, "दुसरा पाना शोधायला टाइम कुठंय ताई? मानसं उन्हात उभी हायेत."

लाईट गेली की लक्ष्मणाचा हात वरच्या वर अडकायचा. मग मिस्तरी हात पुसत पडद्याबाहेर यायचे. "लक्ष्मण इचार करतोय. बाईमानसावर हात टाकायचा म्हंजी इचार नको का? लाईट आली का कापील." अर्धा-अर्धा तास लोक थांबायचे, पण कुणी तिकीट परत मागितलेलं मला आठवत नाही.

एका गोष्टीत मात्र त्यांच्याशी चेष्टा चालत नसे. पुतळ्यांच्या पाया ते पडू द्यायचे नाहीत. "हे देव नाय, मशीन हाय. पाया पडायचं तर काळारामाला जा, बाहेर रिक्षा मिळती." मला सुरुवातीला हा माणूस शिष्ट वाटायचा. हनुमानाचं प्रकरण झालं आणि मग मला त्याचा अर्थ कळला.

शनिवार होता. गावाकडून आलेल्या एका जथ्यानं मिस्तरींची नजर चुकवून हनुमानाला तेल-शेंदूर माखला. शनिवारी मारुती समोर दिसल्यावर त्यांचे हात थांबणार कसे? शेंदूर कप्पीत गेला आणि द्रोणागिरी घेऊन निघालेला हनुमान तारेवर अर्ध्यातच अडकला. मिस्तरी शिडी घेऊन धावले तर लोकांनी शिडी धरून ठेवली. म्हणे चमत्कार झालाय, मारुतीराया थांबलाय, आता बटनालासुद्धा हात लावायचा नाही. दुपारपर्यंत आरत्या चालल्या. शेवटी मोटर जळाली, धूर निघाला, तर तो धूरसुद्धा लोकांनी हातानं ओढून डोळ्यांना लावला. मिस्तरी शिडीच्या खालच्या पायरीवर डोकं धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवली. "हे देव नाहीत. मशीन आहे. नारळ, तेल, शेंदूर लावू नये." अक्षरं वेडीवाकडी, पण लांबून वाचता येतील एवढी मोठी.

"ताई, देवाच्या पाठीत पाना घालायची माझी छाती नाय," ते मला म्हणाले. "मशीन म्हनू द्या, तरच दुरुस्त करता येतं."

पण ते कोरडे नव्हते हो. सटाण्याकडची एक म्हातारी एकदा रामापुढे नारळ घेऊन बसली. "हाऊ राम शे ना, भाऊ?" मिस्तरींनी तिच्याच बोलीत सांगितलं, "मशीन शे, माय." नारळ तिच्या हातात परत दिला. मग तिला पडद्यामागे नेलं, रामाच्या पाठीचं झाकण उघडून पट्टा दाखवला आणि तिच्याच हातानं चाक फिरवून रामाचा हात वर करवला. म्हातारी बाहेर आली आणि रामाचा हात आपण उचलला म्हणून सगळ्या बसला सांगत सुटली. त्या दिवशी मी खिडकीत बसून पदरानं डोळे पुसले.

मग शेठ गेले. सिंहस्थ आला, रस्ते रुंद झाले, आणि आमच्या जागेकडे बघायची लोकांची नजर बदलली. शेठच्या दोन्ही मुलांनी जागा एका बिल्डरला द्यायचं ठरवलं. का, तर म्हणे जागा नुसती पडून आहे, डेव्हलप करायला हवी. पडून! सुट्टीच्या दिवसात जिथे बस लावायला जागा मिळत नव्हती ती जागा पडून! बापानं ती यात्रेकरूंसाठी ठेवली होती हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. कागद मात्र कुठे नव्हता. चांगल्या माणसांना कागद करायचं सुचत नाही आणि त्यांच्या मुलांना कागदाशिवाय काही दिसत नाही.

वस्तीतल्या मंडळींनी मग एक उपाय काढला. रामापुढे समई लावायची, नारळ फोडायचा, रोज सकाळ-संध्याकाळ आरती करायची. मंदिर म्हटलं की त्याला हात लावायची कुणाची टाप नाही. इथे पूजाअर्चा चालते असा अर्ज महापालिकेत गेला. चौकशीला साहेब येणार असल्याचा निरोप आला. सगळे तयार होते. अडले ते मिस्तरी.

"एक नारळ, मिस्तरी. एकच," मी म्हणाले.

"इतकी वर्सं म्हाताऱ्या बायांच्या हातातले नारळ माघारी दिले. आता माझी खोली चालली म्हनून फोडू का?"

"तुमच्या एकट्याची खोली जातेय? माझी नोकरी जातेय. सगळंच जातंय."

"मला कळत नाय का, ताई? पन खोटं बोलून वाचवला, तर रोज सकाळी कोन्त्या तोंडानं बटन दाबू?"

मी त्यांना काय काय बोलले ते आता लिहायची लाज वाटते. हेकट म्हटलं, बायकोला रस्त्यावर आणणारा म्हटलं. चार दिवस त्यांच्याशी अबोला धरला.

साहेब आले. सोबत शेठची मुलं, आणि बिल्डरचा एक गोरागोमटा माणूस, हातात फाइल. साहेबांनी आधी ती पाटी वाचली आणि तिचा फोटो काढवला. मग मिस्तरींना विचारलं, इथे पूजा होते का? मिस्तरी म्हणाले, नाही. साहेबांनी लेखी जबाब मागितला. मिस्तरींचं अक्षर वाईट, म्हणून कागद माझ्यापुढे आला.

मी मुद्दाम लिहिलं, "येथील मूर्तींना भाविक नमस्कार करतात." मिस्तरींनी मला मोठ्यानं वाचायला लावलं.

"नमस्कार करतात, खरं हाय. पन मूर्ती खोडा. पुतळे लिहा. आन् पुढं लिहा, ही मशीन हाय. पूजा होत नाय."

मी त्यांच्याकडे बघितलं. कागद फाडून टाकता आला असता, उठून जाता आलं असतं. मी खोडलं आणि ते म्हणाले तसंच्या तसं लिहिलं. त्यांनी तीन बोटांनी सही केली. तो गोरागोमटा पुढे झाला, मिस्तरींचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "तुमच्यासारखी प्रामाणिक माणसं राहिली नाहीत हो आता." त्याच्या मुस्कटात द्यायची माझी इच्छा अजून शिल्लक आहे.

जेसीबी यायच्या आदल्या दिवशी मिस्तरींनी एकेक पुतळा स्वतः सोडवला, कुणाचा हात-पाय मोडू नये म्हणून गवतात निजवला. बिल्डर म्हणाला, पुतळे गोदामात ठेवतो, नंतर म्युझियम करू. मिस्तरींनी तेलाची बुधली आणि पाना तेवढा उचलला आणि बायकोला घेऊन सायखेड्याला गेले.

इमारत उभी राहिली. तिला नावही रामायणातलंच दिलं, बेशरमपणाला तोटा नव्हता. नकाशात रहिवाशांसाठी बाग दाखवली होती, त्या बागेच्या जागेवर बिल्डरनं सहा दुकानं चढवली. तक्रारी झाल्या, दुकानं पाडणार अशी हवा उठली. आणि एके सकाळी त्या दुकानांच्या तोंडाशी, संगमरवरी चौथऱ्यावर, राम उभा. आमचाच राम! अंगावर नवा रंग, रेशमी वस्त्रं, पाठीचं झाकण सिमेंटनं लिंपलेलं, आणि वर पाटी, "जागृत देवस्थान". पाडायला कुणी आलं नाही. जो नारळ मिस्तरींनी फोडला नाही तो या लोकांनी फोडला आणि सहा दुकानं पचवली.

मी सायखेड्याला निरोप धाडला. मिस्तरी एसटीनं आले. मला वाटलं संतापतील, माझ्याबरोबर चार शिव्या तरी घालतील. ते नुसते रामाच्या हाताकडे बघत राहिले.

"कोपराचा बोल्ट ढिला हाय, ताई. हात उतरतोय."

पुढच्या आठवड्यात ते बुधली आणि पाना घेऊनच आले. चौथऱ्यावर पाय ठेवला तोच पुजारी ओरडला. दुकानांतून माणसं धावली. देवाला पाना लावतो? पायताणासकट वर चढतो? त्यांत तो गोरागोमटाही होता. त्यानं मिस्तरींना ओळखलं, हे मी पाहिलं, आणि त्यानं तोंड फिरवलं हेही पाहिलं. कुणीतरी ढकललं. मिस्तरी दोन पायऱ्या खाली पडले, बुधली फुटली, फरशीवर तेल पसरलं. मी मध्ये पडले, ओरडले, माझं ऐकतंय कोण.

नळावर हात धुताना ते म्हणाले, "जाऊ द्या ताई. आता तो देव झाला ना. आता त्याला कोन दुरुस्त करनार?"

त्याच वर्षी हिवाळ्यात ते गेले. त्यांची बायको एकदा दारात आली, फडक्यात गुंडाळलेला पाना माझ्या हातात दिला. "तुमालाच द्या म्हनले व्हते."

यंदा रामनवमीला मी त्या रांगेत उभी राहिले. रामाचा उजवा हात पार खाली आला होता आणि लाल शेल्यानं गळ्याशी बांधून ठेवला होता. देव भक्तांकडे झुकलाय, असं पुजारी प्रत्येकाला सांगत होता, आणि लोक भरल्या डोळ्यांनी ऐकत होते. पाना माझ्या पर्समध्ये होता. पण रांगेच्या आणि रामाच्या मध्ये लोखंडी गज बसवले होते.

माझी पाळी आली. पुजाऱ्यानं तीर्थाची पळी पुढे केली. मी हात पुढे केला नाही.

"हे मशीन आहे," मी म्हणाले. "उजव्या कोपरात बोल्ट आहे. तेरा नंबरचा पाना लागतो." चांगली मोठ्यानं म्हणाले, दहा जणांना ऐकू जाईल इतक्या.

मागची बाई म्हणाली, "दर्शन झालं असेल तर पुढे सरका ना, ताई."