झाकणभर पाणी

तिचा घाम थांबला, तेव्हा मी बाटलीचं झाकण उघडलं.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. लाईट गेली होती, डोक्यावरचा पंखा बंद, आणि उजेड होता तो माझ्या साध्या फोनच्या बत्तीचा. आत आम्ही तिघी. मी, माझी नात, आणि हरियाणाची एक पोरगी. दोन्ही पोरींच्या अंगावर दोन-दोन स्वेटर आणि वर रेनकोट, भर वैशाखात. नात भिंतीला पाठ लावून खाली बसली होती. तिच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला. मघाशी तिथून धारा लागल्या होत्या, आता कपाळ कोरडं होतं.

"पी," मी म्हणाले.

"न्हाई. आजे, तू शप्पथ घेतलीया."

शपथ घेतली होती हे खरं. बाहेर शाळेच्या मुलामुलींचे राष्ट्रीय खेळ चालले होते. सगळ्या देशातून पोरं आली होती, कुणी पळायला, कुणी कबड्डीला, कुणी भाला फेकायला. माझी नात कुस्तीला. कुस्तीत आधी वजन भरावं लागतं. ज्या गटात नाव दिलं त्या गटाच्या वर पावभर जरी वजन भरलं तरी पोरगी बाहेर. मग तिनं आठवडाभर प्रवास केलेला असो, का वर्षभर घाम गाळलेला असो, कुणी विचारत नाही.

आमच्या पोरीचं वजन तिथं पोचल्यावर जास्त निघालं. तेव्हापासून तिचं खाणं बंद झालं आणि मग पाणीही बंद झालं. तोंडात चिंचेचं बुटुक धरायची आणि सुटलेलं पाणी थुंकून टाकायची. थुंकीतूनसुद्धा वजन जातं म्हणे. मला म्हणाली, "आजे, मी पाणी मागीन, रडीन, तुला शिव्या दीन, पण देऊ नको." माझा हात घेऊन स्वतःच्या डोक्यावर ठेवला. मी म्हणाले, बरं. पाण्यावर राखण बसायचं काम आमच्या आष्टीच्या बाजूला बायकांना नवं नाही. टँकर आला की तेच करतो. पण तिथं आपल्याला पाणी मिळावं म्हणून भांडतो. इथं आपल्याच पोरीला मिळू नये म्हणून बसले होते.

मला तिच्यासंगं जावं लागलं कारण दुसरं कुणी नव्हतं. माझा मुलगा आणि सून ऊस तोडतात. नवराबायको मिळून एक कोयता, असाच हिशेब असतो. एकट्या माणसाला मुकादम घेत नाही. त्या साली सुनेची गर्भाची पिशवी काढली आणि डॉक्टरनं सांगितलं, वजन उचलायचं नाही. म्हणजे कोयता मोडला. मुलगा पोरीला म्हणाला, "मेडल आलं तर सरकारच्या खेळाच्या हॉस्टेलात जा, शिक. न्हाई आलं तर दिवाळीनंतर माझ्यासंगं उसाच्या फडात चल." पोरगी हो म्हणाली. त्यात माझ्या मुलाचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. एका हातानं ऊस तुटत नाही.

त्या दिवशी सकाळी वजन सुरू झालं तरी ती थोडी वरच होती. मग स्वेटर घालून जिना चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. शेवटी वरच्या मजल्यावर तिच्या पोटरीत गोळा आला. पाय खाली टेकेना. तिचे सर आमच्याच तालुक्यातले. ते म्हणाले, "आजी, हिला लिफ्टनं खाली घेऊन या, मी पुढं जाऊन थांबतो." लिफ्टचं दार मिटता मिटता ही हरियाणाची पोरगी आत शिरली. तसेच स्वेटर, तसेच फुटलेले ओठ. नात माझ्या कानाला लागली, "आजे, ही माझ्याच वजनातली."

आणि लाईट गेली.

आम्ही दार बडवलं. बाहेरून एक माणूस ओरडला, "चाबीवाला आ रहा है, पाँच मिनट." थोड्या वेळानं दुसरा ओरडला, "पाँच मिनट." पाच मिनिटं सगळ्या देशात सारखीच असतात. मी म्हणाले, "स्वेटर काढा गं." दोघींपैकी एकीनंही काढला नाही. उलट बरं झालं, आत चांगला घाम येतोय, असं नात म्हणाली. हरियाणाची हसली. तिला मराठी कळली नसेल, पण वजन कमी करणाराला दुसऱ्या वजन कमी करणाराचं कळतं.

मग त्यांचं बोलणं बंद झालं. नंतर नातीचा घाम बंद झाला.

घाम थांबला की काय होतं ते मी एकदा फडात बघितलंय. आमच्या टोळीतली एक बाई, चांगली धडधाकट, भर उन्हात मोळी बांधता बांधता म्हणाली, आता मला गरम होत न्हाई. आम्ही हसलो. हात लावला तर अंग भाजत होतं आणि पाण्याचा थेंब नाही अंगावर. जरा वेळानं ती आपल्या मेलेल्या आईला हाक मारायला लागली. ट्रॅक्टर येईपर्यंत संपली. पाणी जवळच होतं. कुणाला वाटलंच नाही की घाई आहे.

लिफ्टमध्ये नात म्हणाली, "आजे, गार वाटायला लागलं बघ."

शपथेचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. बाटली माझ्या पिशवीत होती. मी पाण्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. तिला हे माहीत होतं आणि म्हणून ती माझ्या पिशवीकडं बघतसुद्धा नव्हती. आधी मी दोघींचे रेनकोट ओढून काढले, मग स्वेटर. नातीनं हातपाय झाडले, पण हातात जोर नव्हता. मग बाटली तिच्या तोंडाला लावली. तिनं तोंड फिरवलं आणि त्या दुसऱ्या पोरीकडं बोट केलं.

"तिला आधी पाज. ती पिली की मी पिती."

मी त्या पोरीकडं वळले. निजामाच्या काळापासून आमच्याकडं जी हिंदी चालते तीच मला येते. "ले गे, पी. कायकू नै पीती? मरना है क्या?"

ती बोटानं नातीकडं दाखवत म्हणाली, "दादी, पहले या पीवैगी, फेर मैं."

म्हणजे असं झालं होतं. दोघींना एकच वजन भरायचं होतं. जी पाणी पिणार ती तराजूवर वर जाणार, आणि जी नुसतं बघत बसणार ती आत राहणार. मला वाटत होतं लिफ्टमध्ये आपण तिघी अडकलो. पण त्या दोघी एकमेकींच्या तोंडावर नजर लावून वेगळ्याच अडकल्या होत्या, आणि त्यांचा चाबीवाला येणार नव्हता.

"अगं भवान्यांनो," मी म्हणाले, "दोघी मेल्यावर वजन काय माझं भरणार हायेत का?"

हरियाणाची पुन्हा हसली. मग भिंतीला डोकं टेकून म्हणाली, "मर जाऊँगी दादी, पर इब घर कोनी जाऊँ." मरेन पण घरी जाणार नाही, एवढं कळलं. घरी तिचं काय होतं, मी विचारलं नाही. माझ्या घरी काय होतं ते मला माहीत होतं.

मी नातीच्या एक थोबाडीत दिली. रागानं नाही, तिचे डोळे मिटायला लागले होते. मग बाटलीचं झाकण घेतलं आणि त्यात पाणी ओतलं. एका शेळीला दोन करडं झाली आणि दूध कमी असलं की आम्ही आळीपाळीनं लावतो, याला दोन घोट, त्याला दोन घोट. तसंच. म्हणाले, "बघा. एक झाकण हिला, एक झाकण तिला. कुणाला कमी न्हाई, कुणाला जास्त न्हाई. एक पिताना दुसरीनं बत्ती धरायची आणि नरडं हललं का बघायचं." हिंदीतही सांगितलं, जमलं तसं. हे दोघींना पटलं. मरायची तयारी होती, फक्त फसायची नव्हती.

पहिलं झाकण हरियाणाच्या पोरीला. नातीनं फोनची बत्ती तिच्या गळ्यावर धरली. नरडं हललं. दुसरं झाकण नातीला. तिनं तोंडात घेतलं आणि मान हलवली, झालं म्हणून. त्या पोरीनं बत्ती आणखी जवळ नेली.

"दादी, या निगल नहीं रही."

खरंच. गाल फुगलेला होता. माझ्याच नातीनं पाणी तोंडात धरून ठेवलं होतं, नंतर थुंकायला. एवढं अंग तापलेलं, बोलताना जीभ अडखळत होती, आणि तरी हे सुचलं. मी तिचं नाक दाबलं. लहानपणी औषध पाजताना दाबायचे तसं. गुदमरली, खोकली आणि गिळलं. मग रडायला लागली. डोळ्यांत पाणी मात्र नव्हतं, नुसताच आवाज.

"आजे, तू माझं वाटोळं केलं."

"केलं. तोंड उघड."

तिसऱ्या-चौथ्या झाकणानंतर कुणी कुणाच्या नरड्याकडं बघेना. दोघी झाकण मुठीत धरून ओढायला लागल्या. माझा पदर ओला करून मी दोघींच्या मानेला लावला. बाटली संपली तेव्हा नातीच्या ओठावर घामाचे बारीक थेंब दिसले. मी खाली बसले.

दार उघडलं ते वरच्या फटीतून. चाबीवाला जेवायला गेला होता असं नंतर कळलं. आधी पोरींना ओढून घेतलं, मग मला. मला ओढायला तिघं लागले. एक म्हणाला, "माताजी, आपका वज़न भी करवा लो." सगळे हसले.

वजन अजून चाललं होतं. सरांनी हातापाया पडून दोघींना रांगेत घेतलं. हरियाणाची आधी चढली. आकडा बरोबर काट्यावर थांबला आणि ती गटात बसली. मग नात चढली.

थोडं जास्त होतं. पाहुण्याला देतो त्या पेल्यातल्या पाण्याएवढं. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, "पाणी मी पाजलंय." पोरींबरोबर आलेल्या मॅडमनी पडद्याआड तिचे कपडे काढले, कानातलं काढलं. तरी आकडा उतरेना. मग मॅडमनी कात्री मागवली आणि तिची वेणी कापली. कमरेपर्यंतची वेणी. पुन्हा चढवलं. तरी आकडा वरच.

वेळ संपली.

वेणी मी पिशवीत घातली. गावात केसांवर भांडी देणारी येते, तिला नंतर देऊन टाकली. तिनं एक स्टीलचं फुलपात्र दिलं. सून म्हणाली, "असं कसं विकलं?" मी म्हणाले, "मग काय देव्हाऱ्यात ठेवायची होती?"

हरियाणाची पोरगी त्याच दिवशी पहिल्याच कुस्तीत हरली. अंगात काही उरलंच नव्हतं. दुपारी ती जेवणाच्या मंडपात आम्हाला शोधत आली आणि बाटलीचं झाकण माझ्या हातावर ठेवलं. ते तिच्या मुठीतच राहिलं होतं. नात तिच्याशी बोलली नाही. माझ्याशीही नाही. परतीच्या गाडीत ती खिडकीकडं तोंड करून होती, आणि स्टेशन आलं की उतरून नळाला तोंड लावून पाणी पीत होती. मी बघत होते. आता प्यायला कुणाची मनाई नव्हती.

घरी मुलगा म्हणाला, "झालं का मग?" तो चिडला नव्हता. दिवाळीनंतर जायचंच होतं, तेवढंच. दिवाळी झाली आणि नातीनं पिशवी भरायला घेतली तशी मी तिची पिशवी उलटी केली आणि माझी लुगडी भरली.

"म्हातारे, तुला कोयता झेपंल का?" मुलगा म्हणाला.

"कोयता तू चालव. मी मोळ्या बांधते."

"मुकादम हसंल."

"हसू दे. माणसं दोन पाहिजेत ना? दोन हायेत."

त्या साली मी त्याच्यासंगं गेले. मोळ्या बांधल्या. वाहायला मला जमायचं नाही, ते त्यानं केलं. पहाटेच्या थंडीत बोटं वळत नव्हती. आमचा ऊस इतरांपेक्षा कमी निघाला आणि टोळीतल्या बायका मला 'नवी नवरी' म्हणायच्या. ह्या साली पुन्हा जायचंय. नात घरी आईजवळ राहून शाळेत जाते. आता ती वरच्या गटात खेळते आणि पोटभर पाणी पिते. जिल्ह्यातच हरली. केस वाढवले नाहीत. रागावली की अजून म्हणते, "तू पाणी पाजलंस." मी म्हणते, "पाजलं."

नातीच्या फोनवर, कुस्तीच्या पोरींच्या ग्रुपात, अधूनमधून हरियाणाच्या त्या पोरीचा फोटो येतो. ती अजून कुस्ती खेळते, घरी गेलेली दिसत नाही.

त्या लिफ्टमध्ये आम्ही तिघी होतो. तिघी जिवंत आहोत.