खात्रीशेठचा जामीन

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या गृहस्थाला बाजारात सगळे खात्रीशेठ म्हणायचे. कुलूप लावलं की चारदा ओढून बघणार आणि पाचव्यांदा निम्म्या रस्त्यातून परत येणार. समोरचा जरा गोड बोलला की यांच्या मनात पाल चुकचुकलीच. अशा माणसाने आयुष्यात एकाच कागदावर न वाचता सही केली. धाकट्या बहिणीने बेकरीसाठी कर्ज काढलं, त्याला ते जामीन राहिले. ती रडली होती, आणि तिचं रडणं यांना लहानपणापासून बघवत नसे.

बेकरी बुडाली. बँकेने वसुली यांच्याकडून केली. ती रक्कम यांनी धंद्यातला तोटा म्हणून दाखवली, तर कर खात्याची नोटीस आली. बहिणीसाठी भरलेले पैसे म्हणजे घरगुती मामला, तोटा नामंजूर, वर दंड. एवढं भरायचं तर कारखान्याची जागाच विकावी लागणार होती.

"बेकरी तुमचीच खोकी घ्यायची ना?" वकील म्हणाला. "मग मोठं गिऱ्हाईक टिकवायला जामीन राहिलात, असं मांडू. ताईंचं तसं पत्र हवं."

खात्रीशेठना आधी वकिलाचा संशय आला, मग बहिणीचा. ही पडली भोळी. 'दादाने मायेपोटी केलं' एवढं जरी लिहिलं, तरी आपण रस्त्यावर. त्यात तिने पत्र आधी दाखवायला नकार दिला, तेव्हा तर यांची झोपच उडाली.

सुनावणीत कर खात्याच्या साहेबांनी ते पत्र मोठ्याने वाचलं. "जामीन राहिल्यापासून दादा दर शनिवारी बेकरीत यायचे. मैद्याची पोती मोजायचे, बिलं तपासायचे. एकदा माझं घरचं कपाटही उघडून बघितलं. चहा कधी घेतला नाही. माझं ऑपरेशन झालं त्या शनिवारीही आले, ते बेकरीतच."

"यात माया कुठे दिसत नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी तोटा मंजूर केला.

जिन्यात खात्रीशेठचा जीव भांड्यात पडला. "वकिलाने फक्कड लिहून दिलं हं तुला."

"वकिलांनी फक्त तारखा घातल्या, दादा. बाकी मी आठवून लिहिलं."

तसं नव्हतं गं, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि आधी वर बघितलं, साहेबांचं दार उघडं तर नाही ना. तिने ते पाहिलं, आणि बसची वेळ झाली म्हणून ती पुढे निघाली.